उठण्यासाठी उंच केलेला पलंग

उजाडता उजाडता रुबिएला मागच्या दाराची कडी काढते, अंगणातल्या नळाखाली कोपरापर्यंत हात धुते आणि गॅसवर गुळाचे पाणी ठेवते. ते उकळेपर्यंत ती पडवीची फरशी पुसून घेते. फरशी पुरती सुकल्याशिवाय कुणालाही खोलीबाहेर येऊ देत नाही, कारण आमच्याकडच्या पाहुण्यांचा पाय घसरला तर त्यांना स्वतःला सावरता येत नाही. मग ती एकेक दार उघडते. बायका बाहेर येतात त्या कमरेत वाकून, जमिनीवर काहीतरी पडले आहे आणि ते शोधायचे आहे अशा. प्रत्येकीच्या अंगाला काखेपासून मांडीपर्यंत घट्ट पट्टा, पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, आणि गाऊनच्या खिशात जखमेतले पाणी निथळून घेणारी छोटी बाटली. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या चालतात. कुणी कण्हते, कुणी देवाला हाक मारते, कुणी डॉक्टरच्या नावाने बोटे मोडते. रुबिएला मक्याच्या भाकऱ्या भाजता भाजता आतून सांगते, "शिव्या द्या, पण चालता चालता द्या. उभं राहून नको."

मित्रांनो, मी या घरातला एक जुना पलंग आहे. कोलंबियातल्या काली शहरात, जिथे पोट सपाट करून घ्यायला आणि कंबर बारीक करून घ्यायला लांबलांबून बायका येतात, तिथल्या एका विश्रांतिगृहात मी मागच्या खोलीत उभा आहे. शस्त्रक्रिया दवाखान्यात होते. सावरण्याचे दिवस बायका आमच्याकडे काढतात. माझ्यावर जी कुणी येते ती गादीवरून हात फिरवते आणि किती आराम वाटतो म्हणते. मला ते ऐकून राग येतो. पलंगाने असे बोलावे हे तुम्हाला उलटे वाटेल, पण मला आरामाची वस्तू म्हटलेले मुळीच आवडत नाही. माझ्यावरून माणूस उठते तेव्हा माझे काम होते. ते पडून राहते तेव्हा माझे काम फसते.

हे शहाणपण मी जन्माला येताना घेऊन आलो नव्हतो. अर्सेसियो नावाच्या सुताराने मला आपल्या मुलीच्या लग्नासाठी घडवले. उशाकडच्या फळीवर त्याने द्राक्षांचे घोस कोरले होते; ते अजून आहेत, फक्त कडांना थोडे झिजले आहेत. त्या घरात मी बाळंतिणीचा पलंग झालो. आमच्या मुलखात बाळंतीण चाळीस दिवस अंथरूण सोडत नाही. तिच्या कानांत कापूस, डोक्याला फडके, खिडक्या बंद, पाय घोंगडीत गुंडाळलेले. फरशीला पाऊल लावणे म्हणजे अंगात थंडी घेणे. सकाळ-संध्याकाळ कोंबडीचा रस्सा. कितीतरी लेकी-सुना माझ्यावर अशा चाळीस दिवस निजल्या, आणि पलंग किती गुणाचा म्हणून माझी वाखाणणी झाली. मी ती मुकाट्याने घेतली.

मग ते घर विकले गेले. नव्या माणसांना माझ्याइतक्या रुंद पलंगाचे काय करावे ते कळेना. त्यांनी मला अंगणातल्या पत्र्याच्या छपरीत ढकलले. कोंबड्यांनी माझ्या फळ्यांवर अंडी घातली. पावसाळ्यात माझा एक पाय कुजला. पुढे रुबिएलाने ते घर भाड्याने घेतले. ती पूर्वी एका इस्पितळात परिचारिका होती. तिला पलंग कमी पडत होते. तिने मला बाहेर ओढले, धुतले, कुजलेला पाय बदलून घेतला, आणि एक अशी गोष्ट केली की त्यासाठी मी आजन्म तिचा ऋणी आहे. तिने माझ्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे बसवून मला वीतभर उंच केले. ठोकळे बसवणाऱ्या सुताराने विचारले, एवढा उंच कशाला, चढायला त्रास होईल. ती म्हणाली, चढायला हरकत नाही, उतरायला सोपा हवा. पोटाला टाके असलेल्या बाईने पोट न आवळता पाय खाली सोडावेत आणि पावले सरळ फरशीला लागावीत, म्हणून मी उंच आहे. मला उठण्यासाठी उंच केले आहे. ही माझी एकुलती एक प्रतिष्ठा.

आता लुस दारीची गोष्ट सांगतो.

लुस दारी शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिवणयंत्रावर काम करते. तीन मुले झाली, मोठी झाली, आपापल्या वाटेने गेली. पोटावरची ओघळलेली कातडी तेवढी मागे राहिली. तिने शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरवले तेव्हा कारखान्यातल्या बायकांनी तिला विचारले की पंचेचाळिशीत आता कुणाला दाखवायचे आहे. "मला," ती म्हणाली. "रोज माझ्याच नजरेला पडतं ते." तिला लहानाची मोठी केली ती तिच्या मावशीने, एस्नेदाने. मावशीला हे मुळीच पसंत नव्हते. देवाने दिलेले अंग धडधाकट असताना कापून घेणारीशी मी बोलणार नाही, असे सांगून ती बूगा शहराकडच्या आपल्या गावी गप्प बसली. लुस दारीनेही ऐकले नाही. पण शस्त्रक्रियेच्या दिवशी दुपारी मावशी आमच्या दारात उभी होती, हातात टोपली, टोपलीत जिवंत कोंबडी. नको ते करून बसली आहे पोरगी, म्हणाली, आता निस्तरायला माणूस नको का?

त्या संध्याकाळी रुबिएलाने लुस दारीला माझ्या कडेला बसवले, पाय खाली सोडायला लावले आणि दाराशी नेऊन परत आणले. पाच-सहा पावलेच असतील. चालवता चालवता ती दोघींनाही समजावत होती. पायांतले रक्त वर चढवायचे काम पोटरी करते. पोटरी हललीच नाही तर रक्त साचते, आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती गुठळी पायात असेपर्यंत एकच पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो. तिथून सुटून फुप्फुसात गेली तर माणूस उभ्या उभ्या कोसळते. म्हणून मोजे काढायचे नाहीत, पाणी भरपूर प्यायचे, दिवसातून पुष्कळदा उठायचे, निजल्या निजल्या पावले वरखाली करायची. आणि पाय दुखला तर चोळायचा नाही. आधी मला हाक मारायची.

मावशी दाराची चौकट धरून उभी होती. लुस दारी उभी राहिली त्या क्षणी तिचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. मला वाटले, टाक्यांची काळजी असेल.

दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीतल्या एका बाईला उलट्या थांबेनात. रुबिएला तिला घेऊन दवाखान्यात गेली, परत आली, पुन्हा गेली. जाता येता तिने मावशीला बजावले की लुस दारीला चालवत राहा. मावशीने मान हलवली, दार लावून घेतले, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती खोली बाळंतिणीची खोली करून टाकली. खिडकी बंद केली. लुस दारीच्या कानांत कापूस घातला, डोक्याला फडके बांधले. पांढरे मोजे काढून ठेवले. एवढे आवळलेले पाय श्वास कसे घेणार, म्हणाली. पाय घोंगडीत गुंडाळले. लघवीला उठावे लागू नये म्हणून पाणी घोटघोटच दिले आणि भांडे जागेवर आणले.

"बाळंतीण आणि कापलेली बाई, दोघी सारख्याच," ती म्हणत होती. "आतलं सगळं उघडं पडलेलं असतं. मी खानदानातल्या सगळ्या बायका सांभाळल्यात, पोरी. मला शिकवू नकोस."

लुस दारीने शिकवले नाही. एरवी कुणाला न जुमानणारी ती बाई कापूस घातलेल्या कानांनी छताकडे बघत पडून राहिली. मला तिचा राग आला, पण कारणही कळत होते. मोठ्या गोष्टीत तिने मावशीचा शब्द मोडला होता. तरीही म्हातारी कोंबडी घेऊन आली होती. आता या लहानशा गोष्टीतही तिला नाही म्हणायचे, हे लुस दारीच्याने होईना.

शेजारच्या खोलीत यामिलेत होती, केस कापणारी, जिभेला हाड नसलेली. फेऱ्या मारता मारता ती आमच्या दारावर टकटक करी.

"काय राणीसाहेब, पडवीत रोज आमची वरात निघते, आणि नवरी आतच?"

"तू चाल बाई," मावशी आतून म्हणे. "तुला नवरा शोधायचाय."

"शोधायचा नाही मावशी, आहे तो पळवून लावायचाय. त्यासाठीच तर कंबर केली."

लुस दारी हसली की टाके ताणले जात, म्हणून मावशी यामिलेतला पिटाळून लावी. संध्याकाळी डोंगरावरून वारा उतरला, सगळ्या घराने खिडक्या उघडल्या, आमचीच बंद राहिली. रुबिएला घामाघूम होऊन दाराशी आली. फेऱ्या झाल्या का, तिने विचारले. मावशी म्हणाली, झाल्या, आत्ताच निजली. आणि रुबिएलाने विश्वास ठेवला, कारण पुढच्या खोलीतून तिला पुन्हा हाक आली होती.

मित्रांनो, पलंगाला बोलता येत नाही याचे दुःख मला छपरीत कोंबड्यांखाली पडलो होतो तेव्हाही झाले नव्हते, ते त्या संध्याकाळी झाले. माझ्यावर निजलेला जिवंत पाय एका जागी राहत नाही. तो झोपेतही सरकतो, टाच घासतो, गारवा शोधतो. लुस दारीचे पाय ओल्या वाळूच्या पोत्यांसारखे गादीत रुतत चालले होते. मला कुरकुरता येते तेवढे मी कुरकुरलो. मावशीने माझ्या सांध्याखाली कापडाची घडी कोंबली आणि मला गप्प केले. सेवेच्या नावाखाली माणसाला गादीत पुरतात, आणि वर पलंगाचे कौतुक करतात. त्या कौतुकात मला सामील करू नका. त्या संध्याकाळी मी सामील नव्हतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पडवीत बायकांची पावले सुरू झाली तेव्हा लुस दारी म्हणाली की पाय दुखताहेत. मावशी लगबगीने स्वयंपाकघरात गेली आणि सतापाची औषधी पाने घालून कढवलेली चरबी वाटीत घेऊन आली. तिने घोंगडी बाजूला केली, हाताला चरबी लावली.

"चोळू नकोस, मावशी."

"अगं, कोमट आहे."

"रुबिएलाताई काय म्हणाली होती? दुखला तर चोळायचा नाही. तिला हाक मार. मला उठायचंय."

मावशीने वाटी माझ्या उशाकडच्या फळीवर ठेवली. हात पुसले नाहीत, तसेच मांडीवर ठेवून ती माझ्या कडेला बसली.

"तुझी आई उठली होती," ती म्हणाली.

अल्बा म्हणजे लुस दारीची आई, एस्नेदाची धाकटी बहीण. लुस दारीच्या वेळी बाळंत झाली आणि गेली, एवढेच लुस दारीला माहीत होते. घरात त्याविषयी कुणी बोलत नसे.

"नववा दिवस होता," मावशी म्हणाली. "मी पाणी काढत होते. मला म्हणते, पडून पडून कंटाळले, नुसती दारापर्यंत जाऊन येते. मी म्हटलं, जा. मी म्हटलं, जा! दारापर्यंतसुद्धा पोचली नाही. छाती धरली आणि खाली बसली ती बसलीच. तू पाळण्यात होतीस. तेव्हापासून मी एकाही बाईला वेळेआधी उठू दिलेलं नाही. आणि तुला देईन?"

पडवीत यामिलेत कुणालातरी हसवत होती. लुस दारीने कानातला कापूस काढला.

"त्याआधी ती काय म्हणायची, मावशी? उठण्याच्या आधी?"

"काय म्हणणार. पाय दुखतो म्हणायची. डावा. पोटरी टरारून फुगली होती, हात लावला तर चटका बसायचा. मी केळीची पानं शेकून बांधली, खाली उशी दिली, तिला जरासुद्धा हलू दिलं नाही. घास भरवला मी तिला. माझ्याइतकं तिचं कुणी केलं नाही."

लुस दारीचे शरीर माझ्यावर एकदम ताठ झाले. तिला कळले ते मलाही त्याच क्षणी कळले. अल्बा उठली म्हणून गेली नव्हती. गुठळी त्या फुगलेल्या पोटरीत आधीच झाली होती. न हलवलेल्या, पानांत बांधलेल्या, जिवापाड जपलेल्या पायात. उठण्याचा दोष इतकाच की ते शेवटी घडले. आणि ही म्हातारी इतकी वर्षे चुकीच्या गोष्टीला घाबरत आली होती, आणि त्या भीतीपायी बायकांना माझ्यासारख्या पलंगांना बांधून ठेवत आली होती.

लुस दारीचे तोंड उघडले. एका वाक्यात ते सांगता आले असते. मावशीचे हात अजून चरबीने चकाकत होते.

तिने तोंड मिटले. मग मान वळवून दाराकडे मोठ्याने हाक मारली, "रुबिएलाताई!"

रुबिएला आली. खिडकी, घोंगडी, खुर्चीवर घडी घालून ठेवलेले मोजे हे सगळे तिने एका नजरेत पाहिले.

"मी परवा संध्याकाळनंतर चालले नाही," लुस दारी म्हणाली. "मावशी उठ म्हणत होती. मीच टाळलं. आळस आला."

मावशीने चमकून तिच्याकडे पाहिले. रुबिएलाने दोघींकडे पाहिले, आणि जे विचारायचे ते विचारले नाही. तिने दोन्ही पोटऱ्यांवर हात ठेवले, बोटांनी हलके दाबून पाहिले, फीत लावून दोन्हींचा घेर मोजला. कुठला पाय जास्त सुजला आहे का, गरम आहे का, दम लागतो का, छातीत दुखते का, सगळे विचारले. मग डॉक्टरांना फोन लावला आणि खिडकीशी उभी राहून बराच वेळ बोलली. दोन्ही पाय सारखेच होते. सूज नव्हती, चटका नव्हता. नुसते पडून पडून आखडले होते. डॉक्टरांनी सांगितले की आता मोजे घाला, रक्त गोठू नये म्हणून दिलेले रोजचे इंजेक्शन चुकवू नका, पाणी प्या आणि चालवा. एक पाय जरी वेगळा वाटला तरी तडक इकडे आणा, आणि दुपारी मी येऊन बघतोच.

रुबिएलाने मोजे चढवले, पेलाभर पाणी पाजले आणि मग, मला वाटते जाणूनबुजून, बाजूला सरकली.

"मावशी," लुस दारी म्हणाली, "मला तू उठव. तूच धर."

म्हातारी जागची हलली नाही. "माझ्याकडून व्हायचं नाही ते," ती म्हणाली.

"होईल. मी काही दारापर्यंत जाऊन थांबणारी नाही. मला पुढे पडवीत जायचंय. हात दे."

लुस दारी कुशीवर वळली, कोपरावर आली, पाय माझ्या कडेवरून खाली सोडले. मी उंच होतो. पावले थेट फरशीला लागली, पोटाला ताण पडला नाही. मावशीने दोन्ही हातांनी तिचा दंड पकडला, इतका घट्ट की नंतर त्यावर बोटांचे वळ दिसले. आणि लुस दारी उभी राहिली.

मित्रांनो, माझ्यावरचे ओझे उतरले. इतक्या वर्षांत मला मिळालेल्या साऱ्या शाबासक्या मी त्या हलकेपणापुढे ओवाळून टाकीन. तुमच्या घरात कुणी आजारातून, शस्त्रक्रियेतून, बाळंतपणातून उठत असेल तर त्याला माझ्यासारख्याच्या हवाली करून निश्चिंत होऊ नका. त्याला जपा, पण डॉक्टरांनी उठवायला सांगितले असेल तर उठवा; दोन्ही पायांकडे नीट बघा; मोजे दिले असतील तर घाला; पाणी द्या. आणि ते उठून गेल्यावर आमची गादी रिकामी दिसली तर हळहळू नका. आम्ही पलंग रिकामे चांगले. पडून राहा म्हणणारे जग आहेच. त्यात एका जुन्या लाकडाने तरी उठ म्हणावे.

त्या दोघी दारापाशी पोचल्या. तिथे मावशी थांबली. लुस दारीचा श्वास ऐकत ती उभी राहिली, एक, दोन, कितीतरी श्वास. तिचा हात लुस दारीच्या छातीवर गेला होता, ते तिचे तिलाही कळले नसावे.

"एस्नेदामावशी," यामिलेत पडवीतून ओरडली, "नवरी आणली का शेवटी? या, रांगेत या. माझ्या पुढे मात्र नाही जायचं."

लुस दारीला अजून ते वाक्य सांगता आले असते. दारात, आईने जिथवर पोचायचे म्हटले होते तशाच एका दारात, ते तिच्या ओठांवर पुन्हा आले असावे. तिने मावशीच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले तेव्हा मला तसे वाटले. तिने मावशीचा चरबीने माखलेला हात छातीवरून उचलून आपल्या कोपराखाली नीट बसवला.

"चल," ती म्हणाली. "त्या टोकापर्यंत जाऊ."

आणि दोघी, एक वाकलेली टाक्यांनी आणि एक वयाने, पुसून पुरत्या सुकलेल्या फरशीवरून चालू लागल्या.